चौकोनांत अडकलेलं पुस्तक

यांना जाऊन आज वर्ष झालं, आणि यांनी टाईप केलेल्या शेवटच्या पुस्तकातली एक ओळ मला वाचता येत नाही.

फाईल आहे. उघडतेसुद्धा. आत नुसते चौकोन आणि उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

वालीवची कंपनी बंद झाल्यावर यांनी सेकंडहँड कंप्युटर घेतला. इंटरनेटवर काही मंडळी जुनी, आता कुठेच न मिळणारी मराठी पुस्तकं टाईप करून सगळ्यांना वाचायला ठेवतात. हे त्यांच्यात गेले. कोणी विचारलं, सध्या काय करता, की सांगायचे, "मेलेली पुस्तकं उठवतो."

मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं वाचन माझं मीच केलं, शेजारणींची मासिकं मागून मागून.

आमची कामाची पद्धत अशी, की मी पुस्तक धरून मोठ्याने वाचायचं आणि यांनी टाईप करायचं. विरामचिन्हंसुद्धा मी तोंडाने म्हणायची. बैल थांबला स्वल्पविराम मालक नाही थांबला पूर्णविराम.

सासूबाई तेव्हा होत्या. म्हणायच्या, "पोथी वाचते का भांडते गो ही?"

हे शेवटचं पुस्तक नंदाखालच्या पास्कल मास्तरांचं. म्हणजे त्यांच्याकडे होतं. लिहिलेलं कोणी, ते मास्तरांनाही माहीत नव्हतं. कव्हर नाही, पहिली पानं किड्यांनी खाल्लेली. ना नाव, ना लेखक.

आत सगळी आपली जुनी वसई. पानवेली, केळीच्या बागा, रहाट. एका रहाटाच्या बैलाची गोष्ट होती. तो रविवारी आपणहून उभा राहायचा, मालक चर्चला जावो न जावो. हे इतके हसले, की त्या दिवशी पुढे टाईपच झालं नाही.

पुस्तक पूर्ण झालं. तपासून झालं. तरी हे पाठवेनात.

"बिननावाचं पोर कसं पाठवायचं? आधी बापाचं नाव शोधू."

मी म्हणायची, पाठवा हो, बाप येईल शोधत. ऐकलं नाही. जुनी वाचनालयं पालथी घातली. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन बसले. नाव नाही मिळालं.

तेवढ्यात मास्तर गेले.

आम्ही पुस्तक परत द्यायला म्हणून बरोबर घेऊन गेलो. मास्तरांच्या हातात रोझरीची जपमाळ गुंडाळलेली होती. त्यांची मुलगी फिलोमिना म्हणाली, "काका, बाबांचा फार जीव होता त्याच्यावर. तुमचं काम झालं असेल तर त्यांच्याबरोबर देऊ का?"

हे म्हणाले, "दे ना. आता ते कंप्युटरमध्ये आहे, कुठे जातंय?"

आणि स्वतःच्या हाताने त्यांनी ते पेटीत ठेवलं. उशाशी.

मलाही ते बरोबरच वाटलं होतं. खरं सांगते, फार चांगलं वाटलं होतं.

नंतर दोन महिन्यांत हे गेले. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाले, रिक्षात बसवेपर्यंत संपलं.

पुढे कंप्युटर सुरू होईना. माझे दीर दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने फॉरमॅट मारला, पण त्याआधी फाईली सगळ्या काढून ठेवल्या. भाऊजी आनंदाने सांगत आले, "वहिनी, दादाची एक फाईल गेलेली नाही."

खरंच गेलेली नव्हती. गेला तो फॉन्ट, ज्याच्यामुळे ती अक्षरं मराठी दिसायची. फॉन्ट वेगळा ठेवावा लागतो, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक?

तो फॉन्ट बाजारातला नाही. वसईच्या एका डीटीपीवाल्याने लग्नपत्रिकांसाठी स्वतः बनवला होता आणि यांना प्रेमाने दिला होता. त्याच्या गाळ्यात आता मोबाईलचं दुकान आहे. तो गावी गेला म्हणतात. कुठलं गाव, कोणी सांगत नाही.

इंटरनेटवरच्या मुलांनी खूप खटपट केली. दुसरे फॉन्ट लावून बघितले. एखादा शब्द येतो, पुढचे दहा भलतेच येतात. "काकू, मूळ पुस्तक मिळालं तर आपण पुन्हा टाईप करू," असं म्हणाले.

मूळ पुस्तक.

त्या फाईलमध्ये फक्त स्वल्पविराम आणि पूर्णविराम जागच्या जागी आहेत. मी म्हटलेले. मधलं सगळं गेलं.

मी आठवून आठवून लिहायला बसते. बैल आठवतो. एक विहीर आठवते. मग माझीच वाक्यं यायला लागतात, आणि मी थांबते.

गेल्या आठवड्यात मी नंदाखालला गेले. काय विचारायला जातेय ते मला माहीत होतं, आणि लाजही वाटत होती. फिलोमिनाने चहा केला. मग मी विचारलं. बाबांची कबर कधी उघडणार का, बाई?

ती रागावली नाही. हळू आवाजात म्हणाली, "काकी, आमची कबर घरची आहे. घरातलं कोणी गेलं, तरच उघडतात."

आतल्या खोलीत तिची आई आजारी आहे. खोकल्याचा आवाज येत होता.

मी उठले. म्हटलं, "नको गो. आई बऱ्या होऊ देत."

नंदाखालपासून घरापर्यंत स्वतःला विचारत आले, मनापासून म्हटलं ना मी ते?

म्हणून आता सगळ्यांसमोर विचारते. तो डीटीपीवाला कोणाला माहीत असेल, त्याचा फॉन्ट कोणाच्या जुन्या कंप्युटरवर पडलेला असेल, किंवा रविवारी थांबणाऱ्या बैलाचं पुस्तक कोणाच्या माळ्यावर असेल, तर मला कळवा. फाटकं चालेल. अर्धं चालेल. मी वाचून दाखवीन, टाईप करणारं कोणी मिळेल.

अहो, तुमचं हे पुस्तक उठवणं अजून जमलेलं नाही मला. शोधते आहे.

तुम्हाला माझा नमस्कार.