नकाशातल्या दोन विहिरी

ते प्रकरण आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठच्या डोंगरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका पाड्यावरच्या शेतकऱ्याने वनहद्दीत नांगर घातल्याची फिर्याद आली. सोबत संगणकावर काढलेला रंगीत नकाशा होता आणि त्यात शेत सरळ जंगलात दिसत होतं. गुन्हा दाखल करून त्याला अटक केली. इकडे त्याची नागली, म्हणजे नाचणी, कापणीला आलेली, आणि घरात कापणारा तो एकटाच.

मग ठाण्यात निनावी फोन आला. "नाशिकला ज्या ऑफिसात तो नकाशा बनला, तिथल्या ऑपरेटरने हद्द सरकवलीय." बस्स, फोन बंद. मला आधी फोन करणाऱ्याचाच संशय आला. तरी ऑपरेटरला बोलावून घेतलं. तिशीतला, चष्मेवाला गृहस्थ, सारखा घाम पुसत होता.

"साहेब, आमचं सॉफ्टवेअर मुक्त आहे. फुकट मिळतं, आतला प्रोग्रामही सगळ्यांना उघडा असतो."

"म्हणजे कुणीही हद्द सरकवू शकतो?"

"नाही साहेब. जागांची माहिती वेगळ्या डेटाबेसमध्ये असते. त्याला पासवर्ड आहे."

"तो कुणाकडे?"

"फक्त माझ्याकडे."

असं सरळ उत्तर देणारा एक तर निर्दोष असतो, नाहीतर पक्का बेरड. त्याला बाकावर बसवून ठेवला आणि नकाशा पुन्हा नीट पाहिला. पाड्याजवळ विहिरीच्या दोन खुणा होत्या. कोठडीत जाऊन शेतकऱ्याला विचारलं, "तुमच्या पाड्यावर विहिरी किती?"

"एकच हाय साहेब. दुसरी असती तर बाया खाली नदीवर कशाला गेल्या असत्या?"

ऑपरेटरला त्या खुणा दाखवल्या, तसा त्याचा चेहरा उतरला. "डेटाबेसमध्ये जंगल, शेतं, विहिरी असे वेगळे थर असतात. थर कोणत्या मोजणीपद्धतीचा, त्याचा क्रमांक द्यावा लागतो. जंगल आणि एक विहीर जुन्या नकाशावरून घेतली, शेत आणि तीच विहीर पुन्हा जीपीएसवरून. मी सगळ्यांना एकच क्रमांक दिला, त्यामुळे जुन्या नकाशावरचं सगळं बाजूला सरकलं."

चूक झाली असं प्रत्येक आरोपी म्हणतो. मी दोन पंच घेऊन पाड्यावर गेलो, विहिरीच्या काठावर जीपीएस धरलं, पंचनामा केला. मग ऑपरेटरने माझ्यासमोर क्रमांक दुरुस्त केले. दोन्ही विहिरी एकमेकींवर, मी मोजलेल्या जागेवरच बसल्या आणि जंगलाची हद्द शेताबाहेर गेली. फोन त्याच्याच ऑफिसातल्या सहकाऱ्याचा निघाला. सरकलेली हद्द त्याने पाहिली होती, आणि त्याला याची खुर्ची हवी होती.

शेतकरी सुटला, पण तोवर नागली पाखरांनी खाल्ली होती. ऑपरेटरने ओशाळून त्याला संगणकावर त्याचं शेत दाखवलं. तो वाकून बघत राहिला.

"यात माझं घर कुठं हाय?"

"घरांचा थर अजून केलेला नाही, बाबा."

तो माझ्याकडे वळला. "माझं घर यांना ठावं नाय साहेब, मंग मी चोर कसा ठावा झाला?"

त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत, नकाशा कितीही सुबक असो, जागेवर स्वतः गेल्याशिवाय मी कुणाला अटक केली नाही.