गच्चीवरचा लिंब

त्या दिवशी चार दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. सोलापुरात पाण्याच्या दिवशी बाकीच्या कामांना घरात मान नसतो. मोटर चालू, एक पाइप टाकीत, दुसरा पिंपात, तव्यावर भाकरी, आणि या सगळ्यांच्या मधे मी पदर खोचून. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

दारात रावसाहेब मिस्त्री. आमच्या मागच्या गल्लीत राहतात. साठी ओलांडलेली, अंगानं काटक, कानामागे पेन्सिल. दहा वर्षांपूर्वी आमच्या खिडक्या त्यांनीच बसवल्या, त्यामुळं ओळख जुनी. पण सकाळी आठला ते कधी यायचे नाहीत.

"ताई, गच्ची पायजे हुती," ते म्हणाले.

"घरात काही कार्यक्रम आहे का?"

"लाकूड वाळवायचंय."

मला वाटलं चार फळ्या असतील, माझ्या कुरडयांच्या शेजारी पडतील. "ठेवा की," म्हणून मी मोकळी झाले आणि टाकी भरून वाहायला लागली म्हणून आत पळाले. परत आले तरी ते तिथंच उभे. त्यांनी खिशातून वहीचा कागद काढून उलगडला. त्यावर पेन्सिलीनं एक पेटी काढलेली, उतरत्या छपराची. माणूस आत उभा राहील एवढी मोठी.

"आतनं सगळं काळं. वरनं प्लास्टिक. ऊन आत शिरतंय, पर बाहेर निघत न्हाय. वारं फिरवायला पंखा. आमच्या धम्मप्रियानं व्हिडिओ पाठिवलाय." धम्मप्रिया त्यांची मुलगी, लग्न होऊन पुण्याला असते. "माझ्या घरावर पत्रा हाय, आन् मोहरं ती चार मजल्याची बिल्डिंग. बाराच्या आत ऊनच पडत न्हाय. तुमच्या गच्चीवर दिवसभर हाय."

एव्हाना आमचे हे टॉवेलनं तोंड पुसत बाहेर आले होते. गच्ची म्हटलं की यांना गळतीच आठवते. रावसाहेबांनी यांच्या तोंडाकडं नीट बघत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक खिळा मारत न्हाय सायब. विटांवर उभी करतो. बुद्धपौर्णिमा झाली की उचलतो." हे हो म्हणाले. 

लाकूड कसलं, ते दुपारी त्यांच्या बायकोनं, मुक्ताबाईंनी सांगितलं. त्यांच्या विहाराच्या आवारात कडुनिंबाचं झाड होतं, त्यांच्या सासऱ्यांच्या पिढीनं लावलेलं. फेब्रुवारीत रस्ता रुंद करताना ते काढावं लागलं. लोकांनी खोड विकू दिलं नाही. ठरलं की लिंबाचंच विहाराला दार करायचं आणि बुद्धपौर्णिमेला बसवायचं. काम रावसाहेबांना मिळालं, पण ते काही सगळ्यांच्या खुशीनं नाही.

कारण विहाराचं आत्ताचं दारही त्यांनीच केलेलं आहे. सहा वर्षांपूर्वी व्यापाऱ्यानं वाळलेलं म्हणून जे लाकूड दिलं ते आतून ओलं निघालं. पावसाळ्यात दार इतकं फुगलं की दोघांनी ओढावं लागे, आणि उन्हाळ्यात दोन फळ्यांमधे बोट जाईल अशी फट. विहार कमिटीचे सेक्रेटरी दिपक, एसटीच्या ऑफिसात असतात, बोलायला तिखट. भर मीटिंगमधे ते म्हणाले होते, "रावसाहेबांच्या दाराचा एक फायदा आहे. आत बसून बाहेरची अख्खी मिरवणूक दिसते." सगळे हसले. रावसाहेबही हसले. तेव्हापासून ते विहारात बाजूच्या दारानं जातात.

"ह्या बारीला बी तसंच झालं तर ते हत्यार हातात धरायचे न्हाईत, ताई," मुक्ताबाई म्हणाल्या. "आन् दुसरं लाकूड आणून चालायचं न्हाय. लिंब एकच हुता."

दाराला अकरा फळ्या लागणार होत्या. करवतीवरून बारा निघाल्या. म्हणजे चुकायला जागा होती ती एका फळीची.

पेटी उभी राहायला आठ दिवस लागले. जुन्या यंत्रमागाच्या लाकडाची चौकट, आतून काळे रंगवलेले पत्रे, मोडक्या कूलरचा पंखा. नातेपुत्याच्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं शेडवरचा उरलेला प्लास्टिकचा कागद दिला. खाली हवा आत यायला झरोका, वर बाहेर जायला झरोका, दोन्हींना सरकती झाकणं. ओली फळी टोकांनी लवकर सुकते आणि तिथून उकलते, म्हणून बाराही फळ्यांच्या टोकांना ऑइलपेंट फासला. मग थप्पी रचली, दोन फळ्यांच्या मधे पट्ट्या घालून, म्हणजे वारं सगळीकडून फिरेल.

समोरच्या गच्चीवरून ईश्वरप्पा ओरडले, "काय करलालाव रावसाहेब? सोलापूरच्या उन्हात लाकडाला स्वेटर घाललालाव काय?"

रावसाहेबांनी जरा उशिरानं वर बघितलं, हसले आणि नुसता हात केला.

फळ्या पेटीत ठेवल्याच्या पाचव्या दिवशी दुपारी मी कुरडया उलटायला वर गेले. रावसाहेब पाण्याच्या टाकीच्या सावलीला बसले होते. पेटीत लावलेला तापमापक त्यांनी मला बोलावून दाखवला. साठच्या वर काटा. "असं चाललं तर तीन आठवड्यात वाळतंय बगा," ते म्हणाले. चेहरा असा उजळलेला, की मी त्यांना कधी तसं बघितलं नव्हतं. ते धम्मप्रियाच्या व्हिडिओतल्या गोऱ्या माणसाची गंमत सांगत होते. त्याच्याकडं म्हणे थंडीत पेटी तापवायलाच अर्धा दिवस जातो.

तेवढ्यात पेटीतून आवाज आला. कट्. वाळकी काटकी मोडावी तसा. मी मान वळवली. रावसाहेब बोलतच होते. पुन्हा एकदा, जरा लांबट, कर्र-कट्. ते पेटीपासून दोन हातांवर बसलेले, मी सहा हातांवर. त्यांचं बोलणं एका शब्दानंही अडखळलं नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हा माणूस सव्वीस वर्षं पॉवरलूमच्या शेडमधे मागांचे लाकडी भाग दुरुस्त करत होता. भवानी पेठेत अशा शेडसमोरून गेलं तरी आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. कारखाना बंद पडला तेव्हा ते तिथून हातातली कला घेऊन निघाले, कान तिथंच राहिले.

मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर आवाज लाकडाचा की पत्रा तापल्याचा, याची मला खात्री नव्हती. आणि त्या उजळलेल्या चेहऱ्यासमोर मला बोलवलंही नाही. कुरडयांचं ताट उचललं आणि खाली आले.

संध्याकाळी ते एक फळी खांद्यावर घेऊन जिना उतरले. टोकापासून मध्यापर्यंत उभी भेग, टाचेला पडते तशी. फळी भिंतीला टेकवून ते पायरीवर बसले.

"बारावी गेली. वरनं वाळली, आतनं वलीच. वरचं आवळाय लागलं, आतलं काय हलंना. घाई म्यांच केली."

"पुढं काय?"

"मोहरं जपून. आता एकबी जायला नको."

दुपारी एक वाजता मी बोलले असते, तर झरोके तेव्हाच बंद झाले असते. भेग कदाचित वीतभरच राहिली असती. हे मी कोणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून माझा जीव गच्चीत अडकला.

दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी पेटीची चाल उतरवली. निम्म्या प्लास्टिकवर गोणपाट, झरोके बोटभर उघडे, पंखा सकाळचे दोनच तास. आत पाण्याचं घमेलं ठेवलं. वाळवायच्या पेटीत पाणी, म्हणून ईश्वरप्पा पुन्हा हसले. लाकडानं सगळीकडून एका चालीनं वाळायला हवं, एवढंच रावसाहेबांना साधायचं होतं. रोज येऊन ते फळ्यांवरून नख फिरवत, भेग लागते का बघत.

आणि मी खाली कान लावून. कुकरची शिट्टी सरली, डबा हलला, गच्चीवर कबुतर उतरलं, प्लास्टिक फडफडलं, की मला कट् ऐकू यायचं. हात पिठाचे तसेच घेऊन वर धावायची. काही नसायचं. आमचे हे एकदा जेवता जेवता म्हणाले, "तू पण बस की आत. फळ्यांबरोबर तू पण वाळशील."

हसले मी. पण ताटावरून उठून वर जाऊन आलेच.

एप्रिलच्या मध्यावर एक दिवस मुक्ताबाई त्यांचा डबा घेऊन आल्या. नवऱ्याशी बोलण्याआधी त्यांनी त्याची बाही धरून ओढली, त्याचं तोंड आपल्याकडं वळू दिलं, आणि मगच बोलल्या. मी बघते आहे हे त्यांनी बघितलं. जिना उतरताना थांबल्या.

"कळलं न्हवं तुमास्नी?"

"हो."

"मागाच्या खडखडीनं कान खाल्लं. धम्मप्रिया म्हनती मशीन घ्या. हे म्हनत्यात, मिस्त्रीच्या कानात मशीन दिसलं की लोक म्हननार, ह्याचं सपलं. कुनाला बोलू नगा, ताई. दिपकला कळलं तर काम काढून घेतील."

"नाही बोलणार," मी म्हणाले. आता दोन गोष्टी पोटात झाल्या.

पौर्णिमेला बारा दिवस राहिले तेव्हा दिपक स्वतः गच्चीवर आले. मी चहा घेऊन गेले. थप्पीबरोबर ठेवलेला एक नमुन्याचा तुकडा रावसाहेब दर तिसऱ्या दिवशी रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलून आणत. शेवटच्या तीन वेळा वजन तेवढंच भरलं होतं.

"वजन उतरायचं थांबलं म्हणजे लाकूड वाळलं. तुम्हीच सांगितलं होतं," दिपक म्हणाले. "मग अजून कशाची वाट बघताय?"

"तो तुकडा वाळला. कडंला हुता. मधल्या फळ्यांचं काय?"

दिपक पाठ फिरवून पेटीत डोकावले. आतूनच म्हणाले, "मग मधल्यांचं कसं कळणार?"

"व्हय व्हय," रावसाहेब म्हणाले, "पौर्णिमा झाली की लगेच मोडून देतो."

दिपक डोकं बाहेर काढून त्यांच्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. मी पुढं झाले, रावसाहेबांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले आणि सावकाश म्हणाले, "रावसाहेब, दिपकभाऊ विचारतायत, मधल्या फळ्या वाळल्यात हे कसं ओळखणार?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. नुसता प्रश्न कळायला लागतो त्याहून जास्त वेळ. मग खाली मान घालून म्हणाले, "उद्या सांगतो."

"उद्या नऊला सांगा," दिपक म्हणाले. "पत्रिका छापून झाल्यात. तुमची खात्री नसेल तर मला बाजारातलं तयार दार सांगावं लागेल. मला हौस नाही रावसाहेब, तो लिंब माझ्या पण आजोबांनी पाणी घालून वाढवलेला आहे. पण पुन्हा फटीचं दार लावून मी लोकांसमोर उभा राहू शकत नाही." चहा अर्धा ठेवून ते गेले.

दुसऱ्या दिवशी साडेसातलाच वर हालचाल ऐकू आली. भाकऱ्या तशाच टाकून मी गेले. अकराही फळ्या पेटीबाहेर काढून दोन-दोन पट्ट्यांवर आडव्या मांडलेल्या. रावसाहेब एकीवर बोटाच्या पेरानं वाजवायचे, तळहात टेकवायचे, मग वाकून कपाळ लावायचे, लाकडाची थरथर लागते का बघत. पुन्हा पहिलीपासून.

"सकाळधरनं तिसऱ्यांदा डोकं टेकवाय लागल्यात," मुक्ताबाई म्हणाल्या. बोलणं थट्टेचं, पण आवाज रडवेला. "पाया पडून फळी सांगनार हाय व्हय? मला वाजवून बग म्हनाले. मी बी त्याच शेडमधी बॉबिन भरल्यात की, माझं बी कान कुठं धड हायत. मला सगळ्या सारख्याच वाजत्यात."

रावसाहेब उठले. कपाळाला भुसा लागला होता.

"ताई," ते म्हणाले, "त्या दिवशी फळी तडकली, तवा तुमी मान वळिवली. मी बगितलं. वाटलं, कबुतर आसंल."

मी म्हणाले, "मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

त्यांनी माझ्या ओठांकडं बघून ते वाचलं आणि हातानंच राहू द्या म्हणून खूण केली. जिन्याकडं एकदा बघितलं. नऊला अजून तासभर होता. मग पहिल्या फळीजवळ खाली बसले.

"वाळल्याली फळी टणकन बोलती. वली आसंल तर धप्प करती. लहान पोराला बी कळतंय, इतका फरक आसतो." पेर फळीवर धरून ते माझ्याकडं बघत म्हणाले, "मला ऐकू येत न्हाय, ताई. मी एकेक वाजवतो. तुमी तेवढं ऐकून सांगा."