जर्मन नर्सबाईचं आडनाव

मालक गेल्यावर मी लोकायचं दळण दळून लेकरं पोसली. शेजारीण नळावर टोमणा मारे, "आली पाहा दळणवाली!" मान खाली जाये.

सदर मोहल्ल्यातल्या दवाखान्यातली जर्मन नर्स लेकरायले पाहाले घरी ये. दारात हमखास डोकं आपटे अन् आपणच हासे. एकदा तिनं तो टोमणा आयकला.

"बाई, आमच्या मुलकात धंद्यावरून आडनाव पडते. माझ्या कोण्या पणज्यानं पीठ दळलं, मी अजून 'दळणवाली' हेच आडनाव मिरवते!"

असं म्हणून जात्याशी बसलीच. मूठमूठ घालाचं सोडून ओंजळभर जवारी ओतली. जातं अडलं. आम्ही पोट धरून हासलो.

शेजारीण डोकावली. "बाई, मले बी दळून द्या ना!"

"नंबर लाव," नर्स म्हणे, "आधी मालकीणबाईले विचार."

शेजारणीनं मले हात जोडून विचारलं.