कापूर घातलेल्या पेट्रोलवर पारनेरपर्यंत

सकाळी साडेसातला नगरच्या सावेडीतून निघालो तेव्हा गाडीत देवघराचा वास येत होता. मंगल, म्हणजे माझी बायको, दार उघडून बसली आणि तिने मागच्या सीटवर नजर टाकली. तिला वाटलं, आक्काकडे, म्हणजे माझ्या बहिणीकडे, न्यायला मी पूजेचं साहित्य घेतलंय. साहित्य होतं, पण ते पेट्रोलच्या टाकीत होतं.

मी निवृत्त शिक्षक. तीस वर्षं आठवी-नववीला विज्ञान शिकवलं. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याचा हिशोब नाही. निवृत्तीनंतर एका दुपारी मोबाईलवर एक व्हिडिओ आला. बनियन घातलेला एक गृहस्थ गोठ्यासमोर उभा राहून सांगत होता की ॲसिटोनमध्ये कापूर विरघळवून पेट्रोलमध्ये टाकला की गाडीचं ॲव्हरेज वाढतं. ॲसिटोन म्हणजे नखांचा रंग पुसायला वापरतात ते. हाच गृहस्थ माझ्या वर्गात असता तर मी त्याला बाकावर उभं करून दहा प्रश्न विचारले असते. मोबाईलवर होता म्हणून एकही विचारला नाही. त्याच संध्याकाळी कापूर आणला, भीमसेनी. प्रमाण मी इथे देत नाही. तेवढं शहाणपण आता आलं आहे.

पहिला प्रयोग महिन्यापूर्वी केला होता. शिर्डीला जाऊन आलो. एरवी लिटरला सोळा देणारी गाडी अठरा देऊन गेली. घरी येताच मी नातेवाइकांच्या ग्रुपवर तक्ता करून टाकला, खाली ‘निष्कर्ष’ असं लिहून अधोरेखितही केलं. सगळ्यांनी अंगठे दाखवले. पारनेरकडून दाजींचा, म्हणजे आक्काच्या यजमानांचा, फोन आला. त्यांनी वही-पेन घेऊन प्रमाण लिहून घेतलं. मी शुद्धलेखन घालावं तसं प्रत्येक वाक्य दोनदा सांगितलं.

आजची फेरी हा दुसरा प्रयोग. शिर्डीचा रस्ता सपाट. पारनेरला चढ आहे. चढावरही मिश्रण टिकलं तर मी काय काय करणार होतो ते मंगलला ठाऊक होतं, म्हणून तिने तो विषय काढलाच नाही.

पंपावर टाकी काठोकाठ भरायची होती, कारण परत येऊन तिथेच भरली की खर्च झालेलं पेट्रोल नेमकं कळतं. नळी आपोआप बंद झाली तरी मी पंपावरच्या मुलीला अजून थोडं, अजून थोडं म्हणत राहिलो. शेवटचं थोडं माझ्या बुटावर सांडलं. “बास आता, काका,” ती शांतपणे म्हणाली आणि झाकण लावून मोकळी झाली. पुढचा सगळा प्रवास कापूर आणि पेट्रोल अशा मिश्र वासात झाला.

कल्याण रस्त्याला लागल्यावर मी काटा पन्नासच्या पुढे जाऊ दिला नाही. एसी बंद. काचाही बंद, कारण वारा आत शिरला की गाडीला ओढ बसते. दिवाळी होऊन गेली होती तरी ऊन चांगलंच होतं. मंगल पदराने वारा घेत बसली. कडबा भरलेला एक टेम्पो हॉर्न देत आमच्या पुढे निघून गेला. कडब्याची दोन-चार पानं आमच्या काचेवर येऊन पडली.

भाळवणीला चहाला थांबलो तर तोच टेम्पो तिथे उभा होता. त्याचा ड्रायव्हर भजी खात होता. त्याने आपुलकीने विचारलं, “काका, गाडीत काय बिघाड हाय का? लई हळू चाललीया.” मी त्याला प्रयोग समजावून दिला, शिर्डीच्या आकड्यांसकट. त्याने एक भजं संपेपर्यंत विचार केला आणि विचारलं, “मग ॲव्हरेज वाढलं ते त्या औषधानं, का तुमच्या हळू चालवण्यानं?”

हा प्रश्न खरं तर माझा होता. माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीने विचारला असता तर मी तिला पुढे बोलावून वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या असत्या. इथे मात्र मी विज्ञान शिकवत होतो एवढंच त्याला सांगितलं आणि चहाचा कप खाली ठेवला. मंगल रस्त्याकडे बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

भाळवणीहून डावीकडे वळलं की रस्ता हळूहळू माळाला भिडतो. बाजरी निघून गेली होती. ज्वारी वीतभर वर आली होती. बांधाबांधाने बाभळी, मध्येच कांद्याच्या रोपांचा एखादा हिरवागार चौकोन. जामगावच्या पुढे चढ लागला आणि लांबच्या डोंगरावर पवनचक्क्या दिसू लागल्या. चढावर गाडीने दोनदा आचका दिला. मी तो रस्त्याच्या नावावर टाकला.

आक्काची वाडी पारनेरच्या अलीकडे आहे. घराशी पोचलो तेव्हा ओट्यासमोर दाजींची व्हॅन नव्हती. जुनी पेट्रोलवरची व्हॅन. तिच्यातूनच ते माळवं (भाजीपाला) पारनेरच्या बाजारात नेतात. मी विचारलं, तर “दिली हाय दुरुस्तीला,” एवढंच म्हणून त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी शिर्डीच्या प्रयोगाची आठवण काढली. ते मान हलवत राहिले. आक्का आतून म्हणाली, आधी जेवून घ्या.

जेवायला शेंगोळे होते (हुलग्याच्या पिठाची वेटोळी तिखट रश्श्यात शिजवतात). सोबत बाजरीची भाकरी आणि कांदा. मी दोनदा मागून घेतले. जेवताना दाजींना विचारलं की मिश्रणाचा काय अनुभव. आक्काने माझ्या ताटात न विचारता तिसऱ्यांदा रस्सा वाढला आणि दाजी म्हणाले, “चाललंय.”

जेवण झाल्यावर त्यांना पारनेरला जायचं होतं. मी गाडी काढली. स्टँडपाशी सोडा, पुढे मी चालत जातो, असं ते तीनदा म्हणाले. मला वाटलं संकोच करतायत. मी आग्रहाने त्यांना थेट गॅरेजपर्यंत नेलं आणि त्यांच्या मागोमाग आतही गेलो.

बबन मिस्त्री व्हॅनखालून बाहेर आले. हात पुसत त्यांनी फळीवरची एक रबरी नळी उचलून दाजींच्या हातात दिली. भिजलेल्या शेवईसारखी फुगलेली, आणि मध्ये लांबलचक चीर. “पेट्रोलची नळी हाय. ॲसिटोननं रबर फुगतं. कार्बोरेटरात पांढरा थर बसलाय तो निराळाच.” मग माझ्याकडे वळून, गिऱ्हाइकाच्या पाव्हण्याला सांगावं तसं सांगू लागले, “ह्यांना कुण्या मास्तरनं सांगितलं म्हनं. आक्काबाई संगं होत्या. चढावर गाडी बंद पडली, बघतात तर खाली पेट्रोलची धार. इंजिन तापलेलं. मागनं येणाऱ्या ट्रकवाल्यानं दोघांना लांब उभं केलं आन् माती टाकली, म्हणून बरं.”

दाजी नळीकडे बघत होते. खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या तोंडात एक प्रश्न तयार झाला होता: नळी आधीच जुनी होती का? तो विचारला असता तर मी सुटलो असतो. दाजींनी होच म्हटलं असतं. सकाळच्या चढावरचे ते दोन आचके आठवले, आणि चढावर उभी राहिलेली आक्का डोळ्यांसमोर आली. जेवताना ती माझ्या ताटात रस्सा वाढत होती.

“तो मास्तर मीच,” मी म्हणालो.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे. ते बाहेर माझ्या गाडीपाशी गेले, टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि झाकण लावून परत आले. “किल्ली द्या. टाकी रिकामी करावी लागंल. गाडी हितंच ऱ्हाऊ द्या.”

दाजींनी सगळ्यांसाठी चहा सांगितला. दुरुस्तीचं मी बघतो असं मी मिस्त्रींना म्हणालो, तर दाजी मध्येच म्हणाले की ते आमचं आम्ही बघू. तिथे माझ्या बोलण्याला वजन उरलं नव्हतं.

मंगलला एका रिक्षाने वाडीहून बोलावून घेतलं आणि आम्ही एसटी स्टँडवर नगरच्या गाडीची वाट बघत बसलो. दाजी बसवून द्यायला थांबले होते. मला राहवेना. मी विचारलं, एवढं झालं तर फोन का केला नाही?

दाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “मला वाटलं, माझ्याच हातनं माप चुकलं. तुमी चुकाल असं काय मनात आलं न्हाई.”

एसटी आली. आम्ही चढलो. खिडकीतून मी हात केला आणि त्यांनीही केला. मंगल मला टोचून का बोलत नाही याचं मला पुढचा तासभर भय वाटत होतं. काच उघडी होती, वारा छान येत होता. ॲव्हरेज मोजायची जबाबदारी ड्रायव्हरवर होती. तरी तो उतार, ती मावळतीच्या उन्हात पिवळी दिसणारी ज्वारी, यातलं काही माझ्या डोळ्यांत शिरलं नाही. तीस वर्षांत किती मुलांनी आपलं उत्तर बरोबर असूनही, सर म्हणतात म्हणून खोडलं असेल, याचा मी विचार करत होतो.

घरी येऊन ग्रुपवर लिहिलं की मिश्रण वापरू नका, रबर खराब होतं, दाजींच्या गाडीला माझ्यामुळे अपघात होता होता टळला. तक्ता नव्हता म्हणून की काय, अंगठे दोनच आले. एका मेहुण्याने मात्र घाईघाईने फोन करून विचारलं की टाकलेलं बाहेर कसं काढायचं. त्याला बबन मिस्त्रींचा पत्ता दिला.

आठवड्याने एसटीनेच जाऊन गाडी आणली. मिस्त्रींनी टाकी धुतली होती, टायरमध्ये हवा भरली होती, आणि एअर फिल्टर माझ्यासमोर झटकून दाखवला होता. त्यातून निघालेली धूळ बघून मी मान खाली घालून बुटांकडे बघितलं. पारनेरला साध्या पेट्रोलने टाकी भरून घेतली आणि काटा पन्नासवर ठेवून आलो. नगरच्या पंपावर टाकी पुन्हा भरली, नळी आपोआप बंद झाली तिथेच थांबलो आणि हिशोब केला. अठरा आणि वर थोडं. उतार, हवा आणि फिल्टर यांचा वाटा सोडला तरी, शिर्डीच्या फेरीत ज्याला मी निष्कर्ष म्हटलं होतं तो मुख्यतः ॲक्सिलरेटरवरचा माझा उजवा पाय होता. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा हलका पडला होता, एवढंच.

हे दाजींना सांगणं भाग होतं. फोन लावला. व्हॅन कशी आहे विचारलं, चालतीय म्हणाले. मग मी आकडा सांगितला. पलीकडे काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. वही शोधतायत की काय अशी मला भीती वाटली.

“आता ह्यात काय टाकलं हुतं?” त्यांनी विचारलं.

“काहीच नाही, दाजी.”

“मग हे माप सांगा,” ते म्हणाले, “ते जमंल मला.”