झोळीतला फायरवॉल

धान वाळत घातलं की चिमण्या आपोआप जमतात. नेट बिघडलेल्या घरात किस्से तसेच जमतात. मोहाडीला नितेशच्या घरी तर सुपाने पाखडावेत इतके जमले!

नितेश माझा कॉलेजातला मित्र. त्याची बहीण रोहिणी स्वयंपाकघरात लॅपटॉप मांडून पुण्याच्या एका कंपनीसाठी मुलांना ऑनलाइन गणित शिकवायची. "नोकरीसाठी पुण्याले कायले जायचं? पुणंच इथं येईल!" हे माझं आवडतं भाषण. त्या भरात मी एका जुन्या कॉम्प्युटरात दोन नेटवर्क कार्डं बसवून त्यांच्या पुढच्या खोलीत फायरवॉल उभा केला. बाहेरचं नेट त्यातून गाळूनच घरात यायचं.

आणि वर्ग रंगात आला की जायचं!

*

नितेशच्या आईला, म्हणजे काकूंना, मी सगळं समजावलं. नेट कुठून येतं, फायरवॉल काय गाळतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग गाळणी चोंदली असंल. धुवून काहून नाही पाहत?"

*

मी केबल बदलली, कार्ड बदललं, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. नितेश मात्र नेट गेलं की कॉम्प्युटरला चापट मारायचा. एकदा चापट बसली आणि नेट आलं!

"पाह्य! तुह्या डिग्रीपेक्षा माहा हात भारी!"

*

मग कंपनीचा निरोप आला. पुढच्या वर्गाला साहेब स्वतः बसणार. वर्ग तुटला तर रोहिणीने पुण्याच्या ऑफिसात येऊन शिकवायचं, नाहीतर काम सोडायचं.

रोहिणी एवढंच म्हणाली, "मले इथंच राह्यचं आहे, दादा."

*

गंमत अशी की मी तपासायला बसलो की नेट कधी जायचंच नाही! नेट चालू आहे का ते विचारणाऱ्या पिंगची उत्तरं स्क्रीनवर वैनगंगेच्या पाण्यासारखी संथ वाहत राहायची. बघता बघता मला गुंगी यायची. मी घरी पोचलो की रोहिणीचा फोन, "गेलं!"

शेवटी चिडून मी आवाज न देता मागच्या दाराने शिरलो. पुढच्या खोलीत नितेशचे बाबा, म्हणजे काका, हातमागावर विणत होते. प्रत्येक ठोक्याला जमीन थरथरायची, जमिनीवरचं टेबल थरथरायचं आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरात कितीही घट्ट बसवलेलं कार्ड सैल होऊन डुलायचं.

"काका, मी येतो तेव्हा माग बंद काहून असते?"

काका ओशाळले. "पाहुणा समोर बसला अन् आपण खटखट करत राहावं? बरं दिसते का ते?"

*

वर्गाच्या वेळी माग बंद ठेवतो, असं काका म्हणाले. रोहिणी ऐकेना. "तुमचं काम थांबवून माहं चालवू का, बाबा?"

तेव्हा काकूंनी जुन्या लुगड्याची झोळी आढ्याला बांधली आणि कॉम्प्युटर तिच्यात निजवला, वरून उघडा, हवा लागेल असा.

साहेब पडद्यावर आले. माग चालू, जमीन थरथरतेय, झोळी मात्र निश्चल. लुगड्याच्या विणीतून हिरवे दिवे काजव्यांसारखे लुकलुकत होते. आत स्वयंपाकघरातून रोहिणीचा आवाज येत होता. ती अपूर्णांक शिकवत होती आणि भर दुपारी आम्हाला जग फार हळू चालल्यासारखं वाटत होतं.

वर्ग संपत आला. काका पाणी प्यायला उठले आणि जाता जाता त्यांनी झोळीला एक लांब झोका दिला!

मी आणि नितेश श्वास रोखून उभे. केबल ताणली, सैल झाली, पुन्हा ताणली. आतून साहेबांचा आवाज आला, "छान, मॅडम. तुम्ही तिथूनच शिकवा."

नितेश आनंदाने ओरडणारच होता. काकांनी झोळीत डोकावून पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"उगा राह्य. झोपून राहिलं."