व्याह्यांची गिटारची पाचवी

माझ्या व्याह्यांइतका सरळ माणूस दौंड जंक्शनवर कधी उतरला नाही आणि चढलाही नाही, असं मी शिरूरात भेटेल त्याला सांगत आलो. पण त्यांच्या गिटारच्या पाचवीचं पुढे काय झालं, असं कुणी विचारलं की मी विषय ऊसतोडीकडे वळवायचो. बरीच वर्षं असं टाळलं. आता सांगून टाकतो.

हे व्याही म्हणजे आप्पा, मूळचे वरवंडच्या शेतकरी घरातले, रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. निवृत्त झाले तेव्हा रेल्वे कॉलनीतल्या एका जुन्या सोबत्याने त्यांना आपली गिटार दिली. गिटारच्या पहिलीपासून आठवीपर्यंत परीक्षा असतात हे कळलं, आणि हा माणूस साठीनंतर पहिलीत जाऊन बसला. आमच्याकडे लोक मला थांबवून विचारत, "सर, नातू सहावीत गेला, व्याही अजून पाचवीतच व्हय?" तारा छेडायला त्यांनी उजव्या हाताची नखं वाढवली होती आणि त्यांना बिनरंगाचं नेलपॉलिश लावत. हळदीने नखं पिवळी होतील म्हणून मांडवगण फराट्याच्या एका जेवणावळीत त्यांनी मटण चमच्याने खाल्लं. वाढप्याने मला बाजूला घेतलं. "पाव्हण्यांच्या हाताला काय झालंय?" मी म्हणालो, "पाचवी." शिरूरला येताना एसटीत गिटार खिडकीशी बसायची आणि आप्पा उभे राहायचे. कंडक्टर म्हणाला, "आप्पा, ती खाली ठेवा की, तुम्ही बसा." आप्पा म्हणाले, "तिला हिसकं सोसत न्हाईत. मला सवय हाय."

पाचवीची तयारी पुरी होत आली आणि परीक्षा मंडळाने नियमच बदलले. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं, म्हणून मला दौंडहून बोलावणं आलं. मी मोबाइलवर वाचून सांगू लागलो. वाजवायच्या रचनांची यादी नवी. परीक्षकासमोर बसायलाच पाहिजे असं नाही, घरी व्हिडिओ काढून पाठवला तरी चालेल. तसं केलं तर स्केल, म्हणजे सुरांचा चढ-उतार, विचारणार नाहीत.

"स्केल काढलं? म्हंजी ब्रेक न तपासता गाडी सोडायची?"

"आप्पा, तुमचं काम हलकं झालं."

"हलकं झालं तर पाचवी कशाला म्हणायचं? चौथीच म्हणा."

शेवटची अट मीच मोठ्याने वाचली. सगळ्या रचना एका दमात चित्रित करायच्या, तुकडे जोडलेले चालणार नाहीत. आप्पांनी मान डोलावली. "ह्ये मातर बराबर हाय."

नव्या यादीतल्या रचना त्यांनी पुन्हा पहिल्यापासून बसवल्या. चित्रणाच्या दिवशी मोबाइल माझा आणि धरणाराही मी. पहिल्या दोन रचना अशा वाजल्या की मी श्वास रोखून बसलो. तिसरीआधी आप्पा डोळे मिटून तार जुळवू लागले, आणि विहीणबाई चहा घेऊन दारात आल्या. मी मुलीचा बाप. विहिणीने आणलेला चहा ताटकळत ठेवणं आमच्यात शोभत नाही. माझं बोट आपोआप बटणावर गेलं. कपबशी घेतली, दोन घोट घेतले, ती आप्पांशेजारच्या स्टुलावर ठेवली आणि पुन्हा बटण दाबलं. आप्पांना पत्ता नाही.

नंतर मोबाइलात दोन तुकडे दिसले, तेव्हा ती शेवटची अट आठवली. पुन्हा वाजवा म्हणायला जीभ रेटेना. आप्पा म्हणत होते, "असं हातून परत व्हायचं न्हाई." घरच्या ग्रुपवर वाढदिवसाचे व्हिडिओ जोडण्यात माझा हातखंडा होता. मी तुकडे जोडले आणि पाठवून दिले. पहिल्या दोन रचनांत रिकामं असलेलं स्टूल तिसरीत एकदम कपबशीसकट उगवलं होतं, ते मला दिसलं नाही. मंडळाला दिसलं. चित्रण जोडलेलं आहे, परीक्षा रद्द, असं त्यांनी कळवलं.

जन्मात लाल सिग्नल न ओलांडलेला माणूस असा लबाड ठरला. त्यांनी तो व्हिडिओ पाहिलाही नाही. "मंडळ कशाला खोटं बोलंल? मी तार जुळवाया थांबलो, तितंच घोळ झाला आसंल." मी म्हणालो, "हल्लीचे नियमच विचित्र." त्यांनी नखं कापली, गिटार कपाटावर गेली. पुढच्या लग्नात ते पाची बोटांनी जेवले आणि पाहुणेमंडळींना बरं वाटलं. मी पान अर्धं टाकून उठलो.

मग ते आजारी पडले. शिरूरहून दौंडपर्यंत मी एसटीत एकच वाक्य मनात घोकत गेलो: आप्पा, तो व्हिडिओ मी थांबवला होता. खाटेशी बसलो. विहीणबाई पायथ्याशी होत्या. मी तोंड उघडण्याआधी आप्पाच बोलले.

"पाव्हणं, एक ऱ्हाऊन गेलं. तुम्ही एवढ्या लांबनं येऊन फोन धरला, आन् माझ्यापायी तुमच्यावर बी जोडाजोडीचा आळ आला. तेवढी माफी करा."

माझं वाक्य ओठांवर होतं. बाहेर आलं ते दुसरंच. "असू द्या हो आप्पा. झालं गेलं."

त्यांचा चेहरा सैलावला. काही दिवसांनी ते गेले. जाताना माझी माफी तेवढी घेऊन गेले.