ठवकर सरांचं उघडं अंगण

आमच्या आर्किटेक्ट ऑफिसात नकाशे कमी अन् किस्से जास्त साचतात! कारण एकच, आमचे ठवकर सर. प्रत्येक घराच्या मधोमध ते अंगण काढतात आणि प्रत्येक मालक त्यावर छप्पर टाकतो. तीस वर्षांत एक सोडून एकही टिकलं नाही! या दिवाळीला सर रिटायर होतायत. "तोवर एक तरी उघडं राहू दे बाप्पा," एवढंच त्यांचं मागणं.

*

कळमन्याचे एक फळांचे व्यापारी. अंगण पाहून इतके खूश की सरांना पेढे दिले! उन्हाळ्यात आम्ही गेलो, तर मधोमध दरवाजाएवढा कूलर, वर टिनाचं शेड. "सर, काय जागा काढून देली तुमी! एवढा कूलर अख्ख्या नागपुरात कोनाजवळ नाही!"

सरांनी त्याच कूलरसमोर बसून पन्हं घेतलं.

*

एका घरी फेंगशुईवाल्या मॅडम आल्या. "उघड्या छतातून लक्ष्मी उडून जाते, बंद करा!"

"मॅडम, लक्ष्मी येते कुठून?" सरांनी विचारलं.

"दारातून."

"मग जाताना दार काहून सोडते?"

मॅडमनी खरंच विचार केला हो! दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन, "सर, छत तं बंद केलंच, आता मागचं दारबी विटांनी बंद करून राहिलो!"

मी इतकी हसले की सरांनी मला हाफ डे देऊन घरी पाठवलं.

*

उरलं एकच अंगण, कळमेश्वरला शेवंताआजींचं. आजींच्या घरी रोज बुद्धवंदना. मुलाने, सुनीलने, अंगणात ठेवायला ढेरपोट्या लाफिंग बुद्ध आणला.

"हा कोन होय गा?"

"बुद्धच आहे, माय. हसून राहिला."

"आपले भगवान एकच टाइम जेवत होते. याचं पोट पाह्य! दे वापस!"

मूर्ती गेली, पण सुनीलच्या डोक्यातला स्लॅब काही जाईना. माकडं येतात म्हणे! मे महिन्यात स्लॅबसाठी फळ्या ठोकायला सेंटरिंगवाले आले, तर अंगणभर कुरडया वाळत घातलेल्या आणि मधोमध खाटेवर आजी! सुनीलने सरांना बोलावलं. मीही गेले. सरांचं तोंड एवढंसं झालं होतं.

"माय, कुरडया वाळल्या का टाकू ना स्लॅब?"

"टाक ना! वाळल्यावर टाक."

नागपूरच्या उन्हात कुरडया दोन दिवसांत वाळतात. संपलंच की सगळं!

आजींनी सरांकडे पाहिलं. "सर, तुमी रिटायर कधी होऊन राहिले?"

"दिवाळीला, आजी."

आजींनी एक कुरडई उचलून दाबली. कडकन मोडली!

"ओलीच आहे," आजी म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत तं काही वाळत नाही!"